धंद्याचा रकाना

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे कोणत्याही फॉर्मवर 'धंदा' असा रकाना आला की माणसं शेती लिहितात. मास्तर असो, किराणा दुकानदार असो, वीज मंडळातला लाइनमन असो, घरी चार एकर वावर असलं की रकान्यात शेतीच येते. घरात आम्ही त्याला कास्तकारी म्हणतो. आमची सरकारी कागदं हिंदीत, म्हणून शाळेच्या दाखल्यावर 'कृषक' असतं. यात खोटं बोलायचा हेतू कुणाचा नसतो. तुम्ही काय काम करता असं कुणी विचारलं आहे, हे आमच्या लक्षातच येत नाही. तुम्ही कोण, कोणाचे, असं विचारलं आहे असं आम्ही धरून चालतो.

माझ्या दादाच्या पासपोर्टच्या फॉर्मवर तो रकाना मी भरला. हे लिहावं की नाही, मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. पण लिहितो.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आठवीनंतर त्यानं शाळा सोडली आणि पांढुर्ण्याला स्टेशनजवळ एका उस्तादाच्या वर्कशॉपात वेल्डिंग शिकायला राहिला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या, संत्र्याच्या बागांतले पंपाचे पाइप, असं काम तिथे चाले. पुढे बोरगावला कारखाने उभे राहू लागले, तेव्हा तिथल्या एकात त्याला वेल्डरची नोकरी लागली. बोरगाव आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर, म्हणून तो घरी राहू लागला आणि वर्कशॉपामागची त्याची खोली मला मिळाली. त्या खोलीमुळेच मी पांढुर्ण्याच्या कॉलेजात येऊ शकलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शनिवारच्या बसनं गावी गेलो की घरातले सगळे कागद माझी वाट पाहत असायचे. विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, मामाचं पत्रसुद्धा. मला ते आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे.

लोधीखेड्याचा एक माणूस आखातातून सुट्टीवर आला होता. त्यानं दादाला सांगितलं की तिकडे पाइपलाइनच्या कामाला वेल्डर हवे असतात, आणि नागपूरला एक एजंट आहे जो रीतसर करार करून पाठवतो. दादानं आधी ते फक्त मलाच सांगितलं. तीन वर्षं जायचं, परत यायचं आणि सौंसरला रस्त्यावर स्वतःचं वर्कशॉप टाकायचं. डिझेलवर चालणारं वेल्डिंगचं मशीन घ्यायचं, म्हणजे लाइट गेली तरी काम थांबणार नाही. ते मशीन कुठे ठेवायचं, धूर कुठून जाईल, हेसुद्धा त्यानं ठरवलं होतं. वहिनीला दिवस गेले होते. लेकराच्या आधी की नंतर जावं, एवढाच त्याला प्रश्न होता.

पासपोर्टचा फॉर्म त्यानं छिंदवाड्याहून आणवला. रविवारी सकाळी मी अंगणात खाटेवर बसून तो भरत होतो. दादाला जादा पाळी होती. सायकल काढता काढता तो म्हणाला, "धंद्यात वेल्डर लिहिजो. बाकी तुले समजतेच."

तो गेला. बाबा ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुठवर आलं?"

"धंद्यापर्यंत. दादा वेल्डर लिही म्हणून सांगून गेला."

"वेल्डर काय धंदा आहे का बाबू? तो त हुन्नर आहे हातातला. उद्या डोळ्यानं नाई दिसलं त काय सांगन तो? शेती लिही."

आतून वहिनी म्हणाली, "भाऊजी, संत्र्याचे झाडं किती हायेत तेबी लिहा. तिकडच्या साहेबाले पाहुणचाराले बोलवू."

"लिहीनच तो," बाबा म्हणाले. "माहा पोरगा उपाशी म्हणून नाई चालला तिकडं, हे त्याहीले समजलं पाह्यजे."

इथे मी बाबांचं नाव पुढे करू शकतो. आजवर मनात तेच करत आलो. पण खरं असं आहे की बाबांना वाचता येत नाही. मी वेल्डर लिहिलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. मला स्वतःलाच वेल्डर हा शब्द आखूड वाटला. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्यासमोर काय लिहावं म्हणून मी लायब्ररीतल्या जाड डिक्शनरीत पाहिलं होतं, आणि मला अॅग्रिकल्चरिस्ट हा शब्द सापडला होता. फार्मर तर सगळेच लिहितात. हा शब्द न चुकता लिहिता येतो याचा मला अभिमान होता. तो मी सुंदर अक्षरात दादाच्या रकान्यात लिहिला. खाली ओळखीच्या खुणा विचारल्या होत्या. तिथे लिहिलं, उजव्या हातावर भाजल्याचे डाग. वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग होते ते. एका शेतकऱ्याच्या हातावर ते कुठून आले, हा प्रश्न मला पडला नाही.

संध्याकाळी दादा आला, हात धुऊन, पुसून फॉर्मजवळ बसला. त्याला इंग्रजी अक्षरं ओळखता यायची, रॉडच्या डब्यांवरची वाचून वाचून. पण हातानं लिहिलेलं लागत नसे. त्या रकान्यावर त्याचं बोट थांबलं. "इथं काय लिहिलं?"

"सगळं बरोबर आहे," मी म्हणालो. "तू सही कर."

त्यानं सही केली. सही करताना तो नेहमी जीभ थोडी बाहेर काढायचा.

पासपोर्ट दोन महिन्यांनी रजिस्टर पोस्टानं आला. दादानं तो कपड्यात गुंडाळून पेटीत ठेवला. पुढे नागपूरहून एजंटचं पत्र आलं की कंपनीचा माणूस परीक्षा घ्यायला येतो आहे. मी दादाबरोबर गेलो. शहराबाहेर एका शेडमध्ये वीस-पंचवीस वेल्डर रांगेत बसले होते. दोन पाइपचे तुकडे डोक्याच्या वर बांधलेले, आणि ते न हलवता खाली झोपून, वाकून, चहूबाजूंनी जोडायचे. दादाचा नंबर आला. काळ्या काचेची ढाल त्यानं तोंडापुढे धरली आणि पुढे मला फक्त त्याची पाठ दिसत होती. ती जराही हलत नव्हती. झाल्यावर परीक्षकानं हातोडीनं वरची खपली झाडली, जोड करवतीनं कापला आणि आतून बोट फिरवलं.

"कुठे शिकला?" त्यानं हिंदीत विचारलं.

"पांढुर्णा."

"आयटीआय आहे तिथे?"

"नाही साहेब. उस्ताद आहे."

परीक्षक हसला आणि त्यानं तो कापलेला तुकडा शेजारच्या दोघांना दाखवायला दिला. परतताना बसमध्ये सौंसर जवळ आलं तेव्हा दादा म्हणाला, "तिसऱ्या रॉडले हात थरथरला होता माहा. त्याले दिसला नाई."

जुलैच्या शेवटी व्हिसा आला आणि करारही आला. दोन्हींवर वेल्डर असं होतं. व्हिसा तीन महिन्यांचा, त्याच्या आत तिकडे पोचायचं. एजंटनं कळवलं की बोलावणं आलं की आठवड्यात निघावं लागेल, तेव्हा नोकरी सोडून, अनुभवाचं पत्र घेऊन तयार राहा. दादानं बोरगावची नोकरी सोडली. वहिनीनं लिंबाचं लोणचं घातलं. गल्लीतल्या बाया येऊन सांगून जायच्या, तिकडं पाणी खारं असते म्हणे, तिकडं भाकर मिळत नाई म्हणे. बाबा कुणालाही म्हणायचे, "जाऊन राह्यला ना. तीन वर्साची गोष्ट." आणि मग लगेच दुसरा विषय काढायचे.

ऑगस्टच्या मध्यावर एजंटकडून तार आली की ताबडतोब येऊन भेटा. आम्हाला वाटलं, बोलावणं आलं. दादानं पेटीसुद्धा भरली.

नागपूरला सीताबर्डीवर एका अंधाऱ्या जिन्यावर ते ऑफिस होतं. एजंटचा कारकून पन्नाशीचा, बोलायला बरा. त्यानं दादाचा पासपोर्ट माझ्यापुढे सरकवला. त्याला एक चिठ्ठी टाचलेली होती.

"तुम्ही कॉलेजवाले ना? मग वाचा."

मी वाचली. मुंबईच्या कचेरीतून कागद परत आले होते. परदेशी कामाला जाणाऱ्यांचे कागद तिथे तपासतात, आणि त्या कचेरीच्या परवानगीचा शिक्का असल्याशिवाय विमानतळावर सोडत नाहीत. चिठ्ठीत एकच ओळ होती. पासपोर्टवरचा व्यवसाय आणि करारातलं काम जुळत नाही.

"वेल्डर आहे का कास्तकार?" कारकुनानं दादाला विचारलं.

"वेल्डर," दादा म्हणाला. "परीक्षा तुमच्यासमोरच झाली."

"मी पाह्यली ना. त्याहीनं नाई पाह्यली. त्याहीच्यासमोर कागदच जाते."

मग त्यानं समजावून सांगितलं. ते मी नंतर अनेकदा मनात घोळवलं, म्हणून इथे लिहितो. काही एजंटांनी पूर्वी खेड्यातली माणसं वेल्डर, फिटर म्हणून पाठवली होती. तिकडे गेल्यावर कळायचं की त्यांना काम येत नाही. मग त्यांना उन्हात माती उचलायला लावत, पासपोर्ट काढून घेत, परत येऊ देत नसत. म्हणून नवा कायदा झाला. म्हणून आता कागदावरचा धंदा पाहतात. शेतकरी वेल्डर म्हणून चालला असेल तर त्याला फसवलं जात असेल असं धरतात. म्हणजे तो नियम दादासारख्या माणसाचं भलं व्हावं म्हणूनच होता. त्यात कुणाचा दोष मला काढता येत नाही.

मी विचारलं, "सगळ्यांचंच तपासतात का?"

"नाई. बीए-बीकॉमवाल्याले ही परवानगीच लागत नाई. तुम्ही उद्या ग्रॅज्युएट झाले का तुम्हाले कोणी विचारणार नाई."

मला तर दोन तारा जोडता येत नव्हत्या. दादा माझ्या शेजारी उभा होता. त्यानं पासपोर्ट हातात घेतला, ते पान उघडून पाहिलं आणि मिटला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. जिना उतरताना एवढंच विचारलं, "दुरुस्त होते ना?"

"होते," मी म्हणालो.

दुरुस्ती भोपाळला व्हायची होती. त्यासाठी सौंसरच्या तहसिलीतून शपथपत्र हवं, बोरगावच्या कारखान्याचं पत्र हवं आणि काम जिथे शिकला त्या उस्तादाचंही हवं. पहिली दोन मिळाली. उस्तादाकडे गेलो तेव्हा पोळा आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक, पांढुर्णा एका काठाला आणि सावरगाव दुसऱ्या. त्या दिवसांत सगळं गाव नदीवर. वर्कशॉपच्या फळीवर उस्ताद डोक्याला फडकं बांधून बसले होते. मी पत्राचं सांगितलं.

"बेटा, आज पूरे पांढुर्णा में किसी के हाथ में कलम मिले तो बता," ते म्हणाले. "सबके हाथ में पत्थर है."

दादा हसला. तो अजून हसू शकत होता तेव्हा. चौथ्या दिवशी उस्तादांनी पत्र दिलं, आणि त्यात त्यांनी आपल्या पद्धतीनं लिहिलं, 'यह लड़का मेरे यहाँ मिस्त्री था.' मिस्त्री म्हणजे गवंडीही होतो आणि सुतारही. मी ते पुन्हा लिहून मागितलं. आता मला शब्दांची भीती वाटू लागली होती.

भोपाळला आम्ही दोघं पांढुर्ण्याहून गाडीनं गेलो. खिडकीवरच्या बाबूनं सगळे कागद नीट वाचले. त्यानं दादाला विचारलं, "खेती करते हो कि वेल्डिंग?"

"दोनों, साहब."

"काग़ज़ पर एक ही आता है."

"तो वेल्डिंग."

त्यानं कागद ठेवून घेतले आणि पोस्टानं येईल म्हणाला. चौकशी होते, पोलिसांकडून पुन्हा उलट कागद येतो, त्याला जितका वेळ लागतो तितका लागला. दसरा झाला. दादा रोज पोस्टमनच्या वेळेला रस्त्यावरच्या पुलावर जाऊन बसायचा. वहिनी जेवण झाकून ठेवायची. पासपोर्ट आला, मागच्या पानावर नीट दुरुस्ती आणि शिक्का होता. व्हिसा संपून अकरा दिवस झाले होते.

एजंटनं पुन्हा कागद पाठवतो म्हटलं होतं. दिवाळीनंतर त्यानं कळवलं की कंपनीला आता आयटीआयचा दाखला असलेलेच वेल्डर हवे आहेत. नुसता अनुभव चालणार नाही. परीक्षेतला तो कापलेला पाइप कुठे गेला असेल, असा वेडा विचार मला आला. तो कुणी ठेवला असता तर दाखवता आला असता.

बोरगावची जागा भरली गेली होती. दादा वावरात जाऊ लागला. कुणाची ट्रॉली मोडली की बोलावणं यायचं, एवढंच वेल्डिंग राहिलं. कार्तिकात मुलगी झाली. गावात लोक बाबांना विचारायचे, "काय झालं हो पोराच्या जाण्याचं?" बाबा म्हणायचे, "सरकारचं काम," आणि चालू लागायचे. पण कागद कशावरून अडले ते त्यांना कळलं होतं. पूर्वी दादा जेवायला बसला की समोर बसून बोलत, ते बंद झालं.

मला हे सगळं दिसत होतं. शनिवारी मी गावी जायचं टाळू लागलो. परीक्षा आहे, म्हणायचो.

शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत, एका दुपारी, संत्र्याच्या बागेत आळी करताना मी दादाला सांगितलं. म्हणालो, "तू वेल्डर सांगितलं होतं. बाबा बोलले, पण मी माझ्या मनानं लिहिलं. मला तो शब्द चांगला वाटला. आणि तू विचारलं तेव्हा मी बरोबर आहे म्हणालो."

तो फावडं चालवत राहिला. मग म्हणाला, "पासपोर्ट आला तवाच मी पाह्यलं होतं. छापलेलं होतं ना. लांबलचक होतं. वेल्डर एवढं लांब नसते, डब्यावर असते ते."

"मग बोलला काहून नाही?"

"मले वाटलं, मोठ्या कागदावर इंग्रजीत तसंच लिहित असतील. तू शिकलेला."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी खाली बसलो. त्यानं दोन आळी पुरी केली, पाण्याची गडवी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "माह्यापुढं रडून काय होते? बाबाले सांग. तो समजते का त्याच्याच बोलण्यानं झालं. जेवत नाई बराबर."

मी घरी गेलो. बाबा ओसरीवर नातीला पायांवर घेऊन बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, डिक्शनरीचंसुद्धा. ते ऐकत होते. मुलगी झोपली होती, म्हणून हळू बोलले.

"तू कॉलेजचं पोरगं. तुले काय समजे तवा? मी बोललो नसतो त तुनं वेल्डरच लिहिलं असतं."

"नाही बाबा. नसतं लिहिलं."

"लिहिलं असतं," ते म्हणाले. "माह्या सांगण्यावरून लिहिलं तू. तेवढं ऱ्हाऊ दे माह्यापाशी."

मी पुन्हा काही बोलायला गेलो, तर त्यांनी मुलीकडे बोट दाखवलं, झोपेतून उठेल म्हणून. दादा वावरातून आला. पाय धुऊन त्यानं मुलीला उचलून घेतलं, बाबांना म्हणाला, "चाला, जेवून घ्या," आणि बाबा उठले. त्या दिवशी ते किती जेवले ते मी पाहिलं नाही. मी बाहेरच थांबलो होतो. वहिनीनं दोनदा हाक मारली, तेव्हा आत गेलो.